डेटाबेसचा मेल कोणाला येतो? नागरी सहकारी बँकांच्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि संचालक मंडळाचे सर्व सदस्य,
नागरी सहकारी बँका, महाराष्ट्र



रिझर्व्ह बँकेने २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने देशातल्या बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या डोमेनवर जायला सांगितले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. बनावट संकेतस्थळांनी ग्राहकांना फसवू नये, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. डोमेन बदलले की संकेतस्थळाबरोबर छापील कागद, शाखांमधले फलक आणि कर्मचाऱ्यांचे ई-मेल पत्तेही बदलावे लागतात. या धांदलीत एक पत्ता सहज मागे राहतो, कारण तो कोणाच्याही टेबलावर लिहिलेला नसतो. बँकेचा डेटाबेस सर्व्हर ज्या पत्त्यावरून रात्री-अपरात्री मेल पाठवतो, तो हा पत्ता. बॅकअप झाला की फसला, डिस्क भरत आली आहे का, डे-एंड अडकला का, हे सांगणारा मेल त्याच पत्त्यावरून निघतो. तो आज कोणत्या पत्त्यावरून निघतो, कोणाला जातो आणि पोचतो की नाही, याचे उत्तर आपल्या संचालक मंडळापाशी असायला हवे. ते का असावे, एवढ्यासाठीच हे पत्र आहे.

ग्राहकाच्या बाबतीत आपण हा धडा केव्हाच शिकलो आहोत. सहकारी बँकांसाठी १४ डिसेंबर २०१७ रोजी निघालेल्या परिपत्रकाने इलेक्ट्रॉनिक व्यवहारांचे एसएमएस अलर्ट सक्तीचे केले. जिथे ग्राहकाचा ई-मेल नोंदलेला असेल तिथे मेलही पाठवण्याची मुभा दिली. एटीएममधून पाचशे रुपये काढले तरी खातेदाराचा फोन वाजतो. त्रयस्थाकडून झालेला अनधिकृत व्यवहार खातेदाराने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला, तर त्याच्यावर तोशीस येत नाही. या नियमामागचा विचार साधा आहे: ज्याचे नुकसान होऊ शकते त्याला वेळेत कळले पाहिजे, आणि कळवण्याची जबाबदारी व्यवस्थेची आहे. हाच विचार बँकेच्या स्वतःच्या डेटाबेसला लावून पाहा. तिथे एका खात्याच्या पाचशे रुपयांचा प्रश्न नसतो. सगळ्या खात्यांच्या नोंदी, व्याजाची गणना, कर्जाचे हप्ते, तारण, सह्या, सारे काही त्या एका ठिकाणी असते. तिथे बिघाड झाला तर कोणाचा फोन वाजतो?

पुढचे सारे मांडण्यासाठी ही यंत्रणा कशी चालते ते थोडक्यात सांगायला हवे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचे उदाहरण घेऊ. त्यात २००५ च्या आवृत्तीपासून ‘डेटाबेस मेल’ नावाची सोय आहे. त्याआधीच्या ‘एसक्यूएल मेल’साठी सर्व्हरवर आउटलुकसारखा मेलचा प्रोग्रॅम बसवावा लागे; नव्या सोयीत ती कटकट उरली नाही. डेटाबेस सर्व्हर मेल रांगेत टाकतो, एक वेगळा प्रोग्रॅम तो उचलतो आणि बँकेच्या मेल सर्व्हरकडे सोपवतो. मेल सर्व्हर बंद असला तरी त्यामुळे बँकेचे व्यवहार खोळंबत नाहीत, हा या रचनेचा मोठा गुण आहे. ही सोय मुळात बंद असते. कोणीतरी जाणीवपूर्वक ती सुरू करावी लागते. मग मेल खाते आणि प्रोफाइल तयार करायचे, ठरलेल्या वेळी ठरलेली कामे, म्हणजे जॉब, चालवणाऱ्या ‘एसक्यूएल एजंट’ला ते प्रोफाइल वापरायला सांगायचे, ज्यांना कळवायचे त्यांची ‘ऑपरेटर’ म्हणून नोंद करायची, आणि कोणती चूक घडली की कोणाला कळवायचे ते प्रत्येक जॉबवर आणि अलर्टवर नेमून द्यायचे. ओरॅकलमध्ये हेच काम वेगळ्या साधनांनी होते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये मेल पाठवण्याची सोय अंगभूत नाही, ती बाहेरून जोडावी लागते. कोणताही डेटाबेस असला, तरी जाणकार माणसाला हे काम एखाद-दोन दिवसांचे आहे. अडचण या कामात नसून ते झाल्यानंतरच्या समजुतीत आहे. एकदा मेल लावला की संचालकांपासून संगणक विभागापर्यंत सगळे असे धरून चालतात, की मेल आला नाही म्हणजे सारे ठीक आहे.

ही समजूत किती महागात पडते, हे गिटलॅब या कंपनीच्या अनुभवातून जगाला दिसले. जगभरचे प्रोग्रॅमर आपला कोड जिथे ठेवतात अशा सेवांपैकी ही एक. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा दिली आणि मुख्य डेटाबेसमधला सुमारे तीनशे जीबी डेटा पुसला गेला. माणसाच्या हातून चूक होते, त्यासाठीच बॅकअप असतो. पण बॅकअप शोधायला गेल्यावर ती जागा रिकामी निघाली. डेटाबेस पोस्टग्रेएसक्यूएल ९.६ चा आणि बॅकअप घेणारा प्रोग्रॅम ९.२ चा, त्यामुळे रोजचा बॅकअप रोज फसत होता. फसल्याचा मेल पाठवण्याची व्यवस्थाही होती आणि ती मेल पाठवतही होती. मात्र कंपनीने आपल्या डोमेनवर बनावट मेल रोखणारा डीमार्क हा नियम लावला होता आणि आपोआप निघणाऱ्या या मेलना त्या नियमाची ओळख दिलेली नव्हती. परिणामी मेल स्वीकारणाऱ्या बाजूने ते नाकारले. रोज इशारा निघत होता, रोज वाटेत मरत होता, आणि कार्यालयातले लोक त्या शांततेला सुरळीतपणा समजत होते. एका अभियंत्याने सहा तासांपूर्वी चाचणीच्या कामासाठी योगायोगाने एक प्रत काढून ठेवली होती, म्हणून कंपनी उभी राहिली. तरीही त्या सहा तासांतला डेटा परत मिळाला नाही. सुमारे पाच हजार प्रकल्प, पाच हजार टिपण्या आणि सातशे नव्या खात्यांना त्याची झळ बसली. कंपनीने हे सगळे स्वतःच जाहीर केले, म्हणून आपल्याला ते ठाऊक आहे.

गिटलॅबच्या जागी बँक ठेवून पाहा. बँकेत सहा तासांचा डेटा म्हणजे एका कामकाजाच्या दिवसाची सगळी रोकड, सगळे धनादेश, सगळे यूपीआय. गिटलॅबचा मेल अडला ते कारणही आपल्यापासून दूर नाही. डोमेन बदलल्यावर नव्या डोमेनच्या नोंदींमध्ये, म्हणजे एसपीएफ आणि डीकेआयएममध्ये, कोणकोणत्या यंत्रांना बँकेच्या नावाने मेल पाठवायचा अधिकार आहे ते नव्याने लिहावे लागते. कर्मचाऱ्यांच्या मेलपेट्या बदलणारा माणूस डेटाबेसच्या आत साठवलेला पाठवणाऱ्याचा पत्ता बदलेलच असे नाही. बहुतेकदा ती जागा त्याच्या अखत्यारीतही नसते. सर्व्हर जुन्याच नावाने मेल पाठवत राहिला, किंवा नव्या नावाने पण नोंदीत नसलेल्या यंत्रावरून पाठवू लागला, तर कडक नियमाचा मेल सर्व्हर तो नाकारणार, आणि तसे करणे त्याचे कर्तव्यच आहे. याहून वाईट शक्यताही आहे. जुन्या डोमेनचे नूतनीकरण थांबले आणि ते नाव दुसऱ्याने विकत घेतले, तर जुन्या पत्त्यांवर जाणारे आपले अलर्ट त्या अनोळखी माणसाच्या हाती पडू शकतात. त्यात सर्व्हरचे नाव, डेटाबेसचे नाव आणि आज कुठे काय बिघडले आहे, हे सारे आयते लिहिलेले असते. म्हणून डोमेन बदलाच्या कामांच्या यादीत डेटाबेस मेलचा स्वतंत्र उल्लेख हवा. जिथे तो झाला नसेल तिथे ते काम अपुरे समजावे.

डोमेन हे शांततेचे एकच कारण झाले, आणखीही आहेत. एसक्यूएल एजंटमधल्या जॉबवर सामान्यतः ‘जॉब फसला तर कळवा’ अशी सूचना लावलेली असते. एजंटची सेवाच बंद पडली, तर जॉब सुरूच होत नाही. जो सुरू झाला नाही तो फसतही नाही आणि फसला नाही म्हणून मेलही येत नाही. सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर एजंट आपोआप सुरू होण्याची सेटिंग राहून गेली असेल, तर कित्येक दिवस बॅकअपविना जाऊ शकतात आणि सगळ्यांच्या मेलपेट्या स्वच्छ दिसतात. दुसरे कारण पासवर्डचे. कुठल्याशा साध्या जीमेल खात्याचा पासवर्ड देऊन अलर्ट सुरू करण्याची सोपी वाट अनेक लहान संस्थांना सुचवली जात असे. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या पासवर्डवर चालणारा हा प्रवेश बंद केला. त्या दिवशी असे अलर्ट कोणाला न सांगता थांबले असणार. तिसरे कारण नोंदींच्या अर्थाचे. डेटाबेसच्या नोंदवहीत मेलपुढे ‘पाठवला’ असे दिसते, तेव्हा त्याचा अर्थ तो पुढच्या मेल सर्व्हरकडे सोपवला एवढाच असतो. मेल पोचल्याची ती पावती नव्हे. पुढे तो नाकारला गेला, स्पॅममध्ये पडला किंवा निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याच्या बंद पेटीकडे गेला, तरी नोंदवहीतला तो शब्द बदलत नाही.

चौथे कारण तांत्रिक आहे, पण संचालकांनी समजून घ्यावे इतके महत्त्वाचे आहे. एसक्यूएल सर्व्हर प्रत्येक चुकीला तीव्रतेचा एक अंक देतो. वरचे अंक गंभीर बिघाडांचे, त्यामुळे १९ ते २५ या तीव्रतेच्या चुकांवर अलर्ट लावण्याची पद्धत रूढ आहे. डिस्कवरून डेटा वाचताच आला नाही किंवा वाचलेले पान खराब निघाले, की ८२३ आणि ८२४ या चुका येतात. त्यांची तीव्रता २४ असल्याने त्या या जाळ्यात सापडतात. मात्र पहिल्या प्रयत्नात वाचता आले नाही, फिरून प्रयत्न केल्यावर आले, अशा वेळी ८२५ क्रमांकाची नोंद होते आणि तिची तीव्रता अवघी १० असते, म्हणजे निव्वळ माहिती. खरे तर डिस्क किंवा तिच्या वाटेतले काहीतरी निकामी होऊ लागल्याचे ते पहिले लक्षण असते. अजून काही गमावलेले नसताना हातात वेळ देणारा इशारा हाच. तीव्रतेवर बेतलेले अलर्ट त्याला चाळणीतून सोडून देतात. त्याच्यासाठी वेगळा अलर्ट मुद्दाम लावावा लागतो. ‘आमच्याकडे अलर्ट आहेत’ या वाक्यावर संचालकांनी समाधान मानू नये, ते यासाठी. कोणते अलर्ट आहेत आणि कोणते नाहीत, हा त्यापुढचा प्रश्न विचारायला हवा.

या सगळ्यांतून एकच निष्कर्ष निघतो आणि तोच या पत्राचा मुख्य आग्रह आहे: इशारा न येणे हीदेखील एक घटना मानली गेली पाहिजे आणि ती कोणाच्या तरी लक्षात येईल अशी रचना हवी. पूर्वी गावोगाव रात्री जागल्या हाळी देत फिरे. ती हाळी ऐकत लोक निर्धास्त झोपत आणि ती थांबली तर दचकून उठत. डेटाबेसकडूनही अशीच हाळी हवी. रोज सकाळी ठरलेल्या वेळेला एक छोटा मेल आला पाहिजे: काल रात्री बॅकअप कधी संपला, त्याचा आकार किती, डिस्कवर जागा किती उरली, आपत्तीसाठी ठेवलेली पर्यायी यंत्रणा, म्हणजे डीआर साइट, किती मागे आहे, गेल्या चोवीस तासांत कोणते जॉब चाललेच नाहीत. हा मेल आला आहे की नाही हे तपासणारे यंत्र त्या सर्व्हरच्या बाहेर असले पाहिजे. बंद पडलेला सर्व्हर ‘मी बंद पडलो’ असे कळवू शकत नाही, हे इतके उघड आहे की ते सांगावे लागू नये. तरीही सर्व्हरच्या पडझडीची बातमी त्याच सर्व्हरकडून येईल या भरवशावर व्यवस्था उभ्या केल्या जातात. दुसऱ्या एखाद्या संगणकावर चालणारा एक छोटा प्रोग्रॅम पुरतो. सकाळी सातपर्यंत मेल आला नाही, तर त्याने जबाबदार माणसाला एसएमएस करावा किंवा फोन लावावा. इतक्या बदलाने शांततेला निश्चित अर्थ मिळतो.

मेल पोचणे ही मात्र निम्मीच गोष्ट आहे. तो वाचलाही गेला पाहिजे. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीचे प्रकरण तिथल्या बाजार नियामकाने, म्हणजे एसईसीने, ऑक्टोबर २०१३ च्या आदेशात सविस्तर मांडले आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार साडेनऊला उघडण्याआधी कंपनीच्या एका अंतर्गत यंत्रणेने कर्मचाऱ्यांच्या एका गटाला आपोआप ९७ मेल पाठवले. ज्या चुकीमुळे पुढे अनर्थ झाला तिचे नावच त्यांत होते. पण ते मेल इशारा म्हणून बेतलेले नव्हते आणि कर्मचारी ते सहसा वाचत नसत. बाजार उघडल्यावर सुमारे ४५ मिनिटांत कंपनीच्या यंत्रणेने भरमसाट चुकीचे व्यवहार केले आणि तोटा ४६ कोटी डॉलरच्या पुढे गेला. ते मेल पोचले होते, वेळेतही पोचले होते. त्यांना मालक नव्हता. गिटलॅब आणि नाइट ही दोन प्रकरणे शेजारी ठेवली की संपूर्ण प्रश्न समोर येतो. एकीकडे इशारा माणसापर्यंत आला नाही, दुसरीकडे माणूस इशाऱ्यापर्यंत गेला नाही, आणि शेवट दोन्हीकडे सारखाच झाला.

यावर काही आक्षेप येतील याची मला कल्पना आहे. पहिला आक्षेप असा, की आमची कोअर बँकिंग प्रणाली व्हेंडर चालवतो, डेटा सेंटर त्याचे, देखभालीचा करार (एएमसी) त्याच्याकडे, मग हे त्याचेच काम. काम त्याचे असू शकते, जबाबदारी त्याच्याकडे सोपवता येत नाही. ठेवीदाराने पैसे बँकेत ठेवलेले असतात आणि परवाना बँकेच्या नावावर असतो. जुलै २०२४ च्या अखेरीस सहकारी आणि ग्रामीण बँकांना सेवा देणाऱ्या एका तंत्रज्ञान कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि किरकोळ पेमेंटचे जाळे चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला त्या जाळ्यापासून काही काळ तोडले. तेव्हा शाखेच्या काउंटरवर ग्राहकांना उत्तरे बँकांनाच द्यावी लागली. शिवाय व्हेंडरच्या कामात कसूर झाली, तर ती सांगणारा मेल फक्त व्हेंडरलाच जावा, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. रोखपालाची रोकड दुसऱ्याने मोजायची, हा बँकिंगमधला जुना नियम आहे. तो इथेही लागू आहे. करारात एक कलम घाला: गंभीर अलर्ट आणि रोजचा सकाळचा मेल व्हेंडरबरोबरच बँकेच्या अधिकाऱ्यालाही थेट सर्व्हरकडून आला पाहिजे. व्हेंडरने पुढे पाठवलेला चालणार नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो वजनदार आहे. डेटाबेस सर्व्हरला मेल पाठवू देणे म्हणजे त्याला बाहेर जायला एक दार उघडून देणे. एसक्यूएल सर्व्हरचा मेल क्वेरीचे उत्तर जोडूनही पाठवू शकतो. वाईट हेतूच्या माणसाला खातेदारांची यादी याच वाटेने बाहेर काढता येईल. मायक्रोसॉफ्टने ही सोय मुळात बंद ठेवली आहे ती उगाच नव्हे. पण याचे उत्तर दार कायमचे बंद करणे हे नाही, त्यावर पहारा बसवणे हे आहे. सर्व्हरला फक्त बँकेच्या अंतर्गत मेल सर्व्हरशी बोलू द्यावे, इंटरनेटशी थेट मुळीच नको. मेल पाठवण्याचा अधिकार मोजक्या खात्यांना द्यावा. मेलमध्ये ग्राहकाचे नाव, खाते क्रमांक किंवा शिल्लक कधीही जाऊ नये. काय बिघडले, कुठे आणि केव्हा, इतकेच त्यात असावे आणि तपशील आत येऊन पाहावा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करतो, तेव्हा हे पथ्य ऐच्छिक राहिलेले नाही. या मर्यादा पाळून लावलेल्या मेलचा धोका लहान असतो. आंधळेपणाने चाललेल्या डेटाबेसचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे.

तिसरा आक्षेप संगणक विभागाकडून येईल: आधीच इतके मेल येतात, त्यात आणखी भर कशाला? हा आक्षेप खरा आहे आणि नाइट कॅपिटलचे प्रकरण त्याच्याच बाजूने साक्ष देते. म्हणून मी जास्त मेल मागत नाही, कमी मागतो. प्रत्येक यशस्वी जॉबचा वेगळा मेल बंद करा. यशाची खबर सकाळच्या एका मेलमध्ये मावते. ज्या मेलवर कोणी काहीच करायचे नसते, तो पाठवूच नये. उरलेल्यांचे दोन वर्ग करा: रात्री झोपेतून उठवावे असे, आणि सकाळी पाहिले तरी चालेल असे. पहिल्या वर्गासाठी मेलच्या जोडीला एसएमएस किंवा फोन हवा, कारण मध्यरात्री मेल कोणी उघडत नाही. प्रत्येक मेलला एक मालक आणि त्याच्या गैरहजेरीतला बदली माणूस ठरलेला असावा. पत्ता मात्र व्यक्तीचा नसावा, पदाचा किंवा गटाचा असावा. नाहीतर अधिकारी निवृत्त झाला की अलर्टही त्याच्याबरोबर निवृत्त होतात. व्हॉट्सॲप गटावर संदेश टाकून भागेल असे काहींना वाटते. गटातल्या प्रत्येकाला दुसऱ्याने पाहिले असेल असे वाटते आणि वर्षभराने त्याची नीट नोंद सापडत नाही. पडद्यावर दिसणारा डॅशबोर्ड चांगला, पण तो पाहायला माणूस समोर बसलेला लागतो. मेल पदाच्या पेटीत तारीख-वेळेसह राहतो आणि ऑडिटरला दाखवता येतो.

चौथा आक्षेप ऑडिटचा. आमचे माहिती यंत्रणेचे (आयएस) ऑडिट दरवर्षी होते, रिझर्व्ह बँकेची ३१ डिसेंबर २०१९ ची सायबर सुरक्षा चौकट आम्ही पाळतो, मग आणखी काय हवे? ऑडिट हे त्या दिवसाचे छायाचित्र असते. अलर्टची सोय चालू आहे, एवढे त्यात दिसते. ऑडिट संपल्याच्या दुसऱ्या आठवड्यात पासवर्ड बदलल्याने मेल थांबले, हे त्यात दिसणार नाही. त्यातच वेळेचे बंधन आहे. केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे सर्ट-इनच्या, २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून किंवा निदर्शनास आणून दिल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. घटनेचा इशारा देणारा मेल बँकेच्याच पेटीत रात्री दोनला येऊन पडला असेल आणि तो सोमवारी सकाळी उघडला गेला असेल, तर ‘आम्हाला आत्ताच कळले’ हे म्हणणे कोणापुढेही टिकवणे अवघड जाईल. सुट्टीचा मुद्दा इथे विशेष महत्त्वाचा आहे. पुण्यातल्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला तो ११ ऑगस्ट २०१८ चा दिवस दुसरा शनिवार होता, बँकांच्या सुट्टीचा. ११ आणि १३ ऑगस्ट मिळून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तो हल्ला एटीएम स्विच आणि स्विफ्टच्या वाटेने झाला होता, डेटाबेस मेलशी त्याचा संबंध नव्हता. पण कार्यालयात माणूस नसलेली वेळ हीच सर्वांत धोक्याची वेळ, हे तो सगळ्या सहकारी बँकांना शिकवून गेला.

शेवटचा आक्षेप लहान बँकांचा: आमच्याकडे इतके मनुष्यबळ आणि पैसा नाही. या कामाला नवे सॉफ्टवेअर घ्यावे लागत नाही. डेटाबेस मेल आणि एजंट हे एसक्यूएल सर्व्हरच्या स्टँडर्ड आवृत्तीतच मिळतात, त्यांची किंमत आपण आधीच मोजलेली असते. एखाद्या पतसंस्थेचे काम मोफत एक्स्प्रेस आवृत्तीवर चालत असेल, तर तिथे एजंट मुळातच नसतो, हे मात्र लक्षात घ्यावे. तिथे बॅकअप आणि मेल दोन्हींची सोय विंडोजच्या टास्क शेड्युलरने करावी लागते. खर्च होतो तो जाणकार माणसाच्या एखाद-दोन दिवसांच्या वेळेचा आणि त्यानंतर रोज सकाळच्या दोन मिनिटांचा. दुसऱ्या बाजूला काय आहे ते पाहा. ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेवीवरील विम्याची मर्यादा पाच लाख रुपये आहे. त्यावरची ठेव केवळ बँकेच्या विश्वासावर उभी असते आणि तो विश्वास शेवटी बँकेच्या नोंदी शाबूत असण्यावर टिकतो. ठेवी शंभर कोटी किंवा त्याहून अधिक असतील, तर संचालक मंडळाबरोबर व्यवस्थापन मंडळही नेमावे, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले ते जाणकार नजर वाढावी म्हणूनच. ती नजर या प्रश्नाकडे वळायला हवी.

म्हणून माझी विनंती आहे की पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घ्या आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पाच प्रश्न विचारा. डेटाबेसचे अलर्ट कोणत्या पत्त्यावरून निघतात आणि तो पत्ता नव्या डोमेनचा आहे का? ते कोणत्या पदांना जातात आणि त्या पदांवर आज कोण आहे? मेल आलाच नाही तर ते कोणाला, किती वेळात आणि कोणत्या वेगळ्या वाटेने कळते? ८२५ सारख्या आरंभीच्या लक्षणांवर अलर्ट आहे का? आणि मुद्दाम बिघाड घडवून ही साखळी शेवटची केव्हा तपासली? पाचव्या प्रश्नाचे उत्तर कागदावर घेऊ नका. चाचणीसाठी लावलेला एक जॉब मुद्दाम फसवायला सांगा आणि मेल किती मिनिटांत कोणाच्या हाती येतो ते पाहा. मग एजंटची सेवा थोडा वेळ बंद ठेवून, सकाळचा मेल न आल्याचे कोणाच्या लक्षात येते तेही पाहा. त्यासोबत एक बॅकअप दुसऱ्या यंत्रावर पुन्हा उभा करून दाखवायला सांगा, कारण ‘बॅकअप झाला’ असे सांगणारा मेल तो बॅकअप उपयोगी पडेल याची हमी देत नाही. या चाचण्या दर तिमाहीला व्हाव्यात आणि त्यांचा निकाल सभेच्या इतिवृत्तात नोंदवला जावा.

सहकारी बँकेचा सभासद हा तिचा मालक असतो. वार्षिक सर्वसाधारण सभेत तो लाभांशाबद्दल, थकबाकीबद्दल प्रश्न विचारतो. यापुढे त्याने डेटाबेसच्या मेलबद्दलही विचारावे, असे माझे सभासदांनाही सांगणे आहे. तुम्ही त्याआधीच ही चाचणी घ्या आणि तिचा निकाल अहवालात छापा.

आपला विश्वासू,
सहकारी बँकांचा एक हितचिंतक